उसनी वाटी आणि कोडचा तुकडा

दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्या गटाने भाजणी, चिवडा आणि काळ्या मसाल्याच्या ऑर्डरी घेण्यासाठी इंटरनेटवर पहिल्यांदाच स्वतःचं पान तयार करून घेतलं. ते करून दिलं गटातल्याच एका ताईंच्या लेकीने. ती तालुक्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. पान देखणं झालं. वर गटाचं नाव, खाली पदार्थांचे फोटो आणि शेवटी एक फॉर्म. नाव, गाव, फोन, काय हवं, किती किलो हवं, असं सगळं भरायचं आणि बटण दाबायचं. बटण दाबलं की लगेच उत्तर यायचं, "धन्यवाद, तुमची ऑर्डर मिळाली."

आठ दिवस गेले, एकही ऑर्डर आली नाही. आम्हाला वाटलं, लोकांना भाव जास्त वाटला असेल. नवव्या दिवशी पुण्याहून एका बाईंचा फोन आला, "अहो, भाजणी कधी पाठवताय? दिवाळी तोंडावर आली." मग दुसरा फोन आला, मग तिसरा. ऑर्डरी येत होत्या, फक्त आमच्यापर्यंत पोहोचत नव्हत्या. लेकीने रात्र जागून शोधून काढलं. फॉर्ममागचा कोड तिने दुसऱ्या कुणाच्या कामातून घेतला होता. त्यात नमुन्यादाखल लिहिलेला ईमेलचा पत्ता बदलायचाच राहून गेला होता. आमच्या सगळ्या ऑर्डरी त्या नमुन्याच्या पत्त्यावर जात होत्या.

त्या दिवशीच्या बैठकीत काय झालं असेल, तुम्हाला सांगायला नको. एक जण म्हणाली, "म्हणजे हिने कॉपीच केली की!" दुसरी म्हणाली, "ज्याने असला कोड दिला, चूक त्याची." तिसरी म्हणाली, "नुकसान झालंय, ते तिच्याकडून भरून घ्या." मुलगी कोपऱ्यात बसून होती. तिचे डोळे भरून आले होते. एवढंच म्हणाली, "मावशी, सगळेच असं घेतात हो."

आम्ही रेडिओचं काम करतो, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे आला. सगळेच असं घेतात, हे खरं आहे का? कधीपासून घेतात? आणि घ्यावं की नाही? आम्ही वाचत गेलो, जाणत्या माणसांना विचारत गेलो. शोध ऐंशी वर्षं मागे गेला आणि जाऊन थांबला तो बायकांच्या वहीपाशी. तीच गोष्ट आज सांगतो.

ओसरी आणि स्वयंपाकघर

आधी कोड म्हणजे काय, ते पाहू. कोड म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना. आधी हे कर, मग ते कर, अमुक झालं तर तमुक कर. आपण सुनेला अनारशाची कृती सांगतो तशीच ही कृती. फरक एवढाच की सून आपल्या अकलेने सांभाळून घेते. कॉम्प्युटर लिहिलंय तेवढंच करतो. "चिमूटभर" आणि "अंदाजाने" हे शब्द त्याला कळत नाहीत.

इंटरनेटच्या पानाचे दोन भाग असतात. एक आपल्याला फोनवर दिसतो तो. रंग, फोटो, अक्षरं, बटण. ही घराची ओसरी समजा. पाहुणा येतो, बसतो, इकडेतिकडे पाहतो. दुसरा भाग दूर कुठल्यातरी मोठ्या कॉम्प्युटरवर चालतो, त्याला सर्व्हर म्हणतात. हे स्वयंपाकघर. ऑर्डर आत घेणं, नोंदवहीत लिहिणं, पैशांचा हिशेब करणं, निरोप धाडणं, ही कामं तिथे चालतात.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे कामाला येईल. ओसरीचा कोड कुणालाही पाहता येतो. कॉम्प्युटरवर पान उघडून त्याचा मूळ मजकूर दाखव म्हटलं की तो दाखवतो. पण स्वयंपाकघरातला कोड बाहेरच्याला दिसत नाही. समोर ताट येतं, पण फोडणी कशी घातली ते कळत नाही. ते शिकायचं तर कुणीतरी आपणहून सांगावं लागतं. म्हणून कोडचे लहान लहान तुकडे एकमेकांना देण्याची रीत पडली नसती, तर आमच्यासारख्या गटाला असं पान कधीच करता आलं नसतं.

रिचर्डच्या वहीतून ग्रेसच्या वहीत

पण ही रीत इंटरनेटच्याही पुष्कळ आधीची आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात मार्क वन नावाचं एक अवाढव्य गणनयंत्र होतं. ५१ फूट लांब आणि ८ फूट उंच. १९४४ च्या जुलैमध्ये तिथे ग्रेस हॉपर नावाच्या बाई रुजू झाल्या. त्या गणिताच्या प्राध्यापक होत्या, येल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९३४ मध्येच मिळवली होती. युद्धात काम करायचं म्हणून त्या आरमारात दाखल झाल्या आणि आरमाराने त्यांना या यंत्रापाशी पाठवलं. पुढे या यंत्राच्या वापराचं पाचशेहून अधिक पानांचं पुस्तक त्यांच्याच हातून तयार झालं.

या यंत्राला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीला भोकं पाडून. एकेक हिशेब मांडायला दिवसचे दिवस जायचे. त्यातले काही हिशेब पुन्हा पुन्हा लागायचे. मग हॉपरबाई आणि त्यांचे सहकारी काय करायचे? ज्याच्या हिशेबाचा तुकडा बरोबर चालला, तो त्याच्या वहीत जपून ठेवलेला असायचा. रिचर्ड ब्लॉक हे त्यांचे सहकारी. हॉपरबाईंना एखादा तुकडा हवा असला की त्या सरळ ब्लॉक यांची वही मागायच्या आणि त्यातून आपल्या वहीत उतरवून घ्यायच्या. त्यांच्या वहीतून दुसरे घ्यायचे.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे रांगोळीची वही आहे ना? कुणाच्या दारात सुंदर रांगोळी दिसली की आपण विचारतो, "ठिपके किती?" ती सांगते, अकरा ते सहा. आपण घरी येऊन वहीत उतरवतो. पण उतरवताना एक ठिपका चुकला, तर दारात बसल्यावर सगळी नक्षी बिघडते. हॉपरबाईंच्या गटालाही हेच झालं. घाईघाईत उतरवताना चारचा आकडा दुसऱ्या खुणेसारखा दिसायचा. इंग्रजीतला बी तेरासारखा दिसायचा. एका अक्षराने सगळा हिशेब कोलमडायचा.

दुसरी अडचण बेरजेची होती. समजा, आपल्या गटाच्या एका लहान वहीत लिहिलंय, "पुढचा हिशेब पान ३ वर पाहा." ती वही आपण मोठ्या रजिस्टरात ४० पानांनंतर शिवली. आता पान ३ कुठे आहे? ते झालं पान ४३. म्हणजे जिथे जिथे पानाचा आकडा आहे, तिथे तिथे ४० मिळवावे लागणार. एक जागा राहिली की वाचणारी भलत्याच पानावर. कोडचा तुकडा दुसऱ्या कामात बसवताना नेमकं असंच करावं लागायचं. आणि शिकलेली गणिती माणसं तिथे चुकायची.

हॉपरबाई पुढे सांगायच्या की माणसं धड उतरवून घेऊ शकत नाहीत आणि धड बेरीजही करू शकत नाहीत. पण समोर एक भलंमोठं यंत्र उभं आहे, ज्याला या दोनच गोष्टी उत्तम येतात. मग उतरवायचं काम त्यालाच का देऊ नये?

१९५२ मध्ये त्यांनी ते करून दाखवलं. तेव्हा त्या युनिव्हॅक नावाच्या संगणकावर काम करत होत्या. खात्रीचे तुकडे त्यांनी चुंबकीय टेपवर एकत्र ठेवले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. माणसाने फक्त क्रमांकांची यादी द्यायची. तुकडे शोधणं, उतरवणं, आकडे बदलणं आणि सगळं एकत्र शिवणं हे यंत्र करणार. या व्यवस्थेचं नाव ए-झीरो. सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. यंत्राला फक्त आकडेमोड येते, असंच सगळे धरून चालले होते. पण या कामात हॉपरबाई एकट्या नव्हत्या. त्यांच्या आदल्या वर्षी, १९५१ मध्ये, बेटी होल्बर्टन यांनी यादी क्रमाने लावण्याचा कोड यंत्राकडूनच तयार करवून घेतला होता. हॉपरबाईंना त्यातून हुरूप आला.

या होल्बर्टन कोण? १९४६ मध्ये फिलाडेल्फियात एनिॲक हा १८,००० काचेच्या नळ्यांचा प्रचंड संगणक जगाला दाखवला गेला. त्याला कामाला लावणाऱ्या सहा बायका होत्या, के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. लग्नानंतर बेटी स्नायडर झाल्या बेटी होल्बर्टन. त्यांच्या हाताशी तयार पुस्तक नव्हतं, यंत्राचे नकाशे पाहून त्या शिकल्या. आणि प्रात्यक्षिक पार पडल्यावर जी मेजवानी झाली, तिचं आमंत्रण या सहाजणींना नव्हतं. स्वयंपाक केला आणि पंगतीला बोलावलं नाही, ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

१९५३ मध्ये हॉपरबाईंच्या गटाने पुढची आवृत्ती, ए-टू, ग्राहकांना दिली. तिचा मूळ कोडही सोबत दिला आणि सांगितलं, तुम्ही यात सुधारणा कराल त्या आम्हाला कळवा. शेजारणीकडून साखरेची वाटी उसनी आणली तर ती आपण रिकामी परत पाठवत नाही, चार चकल्या का होईना, ठेवतो. ही तीच रीत झाली.

केंब्रिजचं कपाट

याच काळात इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात वेगळ्या वाटेने हेच काम चाललं होतं. तिथल्या एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी पहिला हिशेब करून दाखवला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी ठरवलं की वारंवार लागणाऱ्या तुकड्यांचं ग्रंथालय करायचं. आपल्याकडे पुस्तकांचं असतं तसं, पण भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्यांचं. एका कपाटात पट्ट्या ठेवल्या. १९५१ पर्यंत असे ८७ तुकडे जमले होते.

आम्हाला या कपाटापेक्षा त्याची शिस्त जास्त आवडली. प्रत्येक तुकड्याला अक्षर आणि क्रमांक. प्रत्येकाबरोबर एक माहितीचा कागद. हा तुकडा काय करतो, याला किती जागा लागते, वापरायच्या आधी काय तयारी हवी. ज्याला हवा असेल त्याने पट्टी काढायची आणि यंत्रानेच तिची नक्कल आपल्या पट्टीवर पाडायची. हाताने उतरवायचं नाही, म्हणजे ठिपका चुकायला नको. १९५१ मध्ये या तिघांनी सगळे तुकडे आणि ते वापरायची पद्धत एका पुस्तकात छापली. त्यामुळे केंब्रिजची वही जगभर पोहोचली.

म्हणजे आमच्या बैठकीतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. कोडचे तुकडे घेणं ही आळशी माणसांची पळवाट नाही. या विद्येचा पायाच देवघेवीवर घातला गेला. एकीने एकदा कष्ट करून खात्रीने केलेलं काम दहाजणींनी पुन्हा पहिल्यापासून कशाला करायचं? १९५५ मध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या आसपास एकाच प्रकारचा मोठा संगणक वापरणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन एक गट केला. नाव ठेवलं शेअर, म्हणजेच वाटून घेणं. धंद्यात एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या, पण कोडचे तुकडे मात्र वाटून घेत. प्रत्येकीचा खर्च वाचत होता.

सगळंच असं गोडीगुलाबीने झालं नाही. पुढे घरगुती संगणक आले आणि कोड विकायचा धंदा सुरू झाला. १९७६ मध्ये बिल गेट्स यांनी एक जाहीर पत्र लिहून तक्रार केली की आमचा विकायचा कोड लोक फुकट वाटून घेतात, मग कष्टाचे पैसे आम्हाला कसे मिळणार? उलट बाजूने १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केलं की आपण असा कोड लिहू जो सगळ्यांना वापरता, पाहता, बदलता आणि पुढे देता येईल. दोघांच्या म्हणण्यात एक गोष्ट समान आहे. कोड ज्याने लिहिला, त्याची अट पाळली पाहिजे. त्याने विकायला ठेवलं असेल तर उचलायचं नाही. त्याने वाटायला ठेवलं असेल तर त्याने सांगितलं तसं वापरायचं.

एका शाळकरी मुलाचा फॉर्म

आता इंटरनेटच्या पानांकडे येऊ. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या विज्ञान संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब तयार केलं. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने त्याचा कोड सगळ्या जगाला मोफत खुला केला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत सामान्य माणसाला इंटरनेट दिलं.

ते १९९५ साल या गोष्टीत फार मोलाचं आहे. मूळचे ग्रीनलंडचे रॅस्मस लर्डॉर्फ यांनी आपलं पान कोण कोण पाहून जातं हे कळावं म्हणून स्वतःपुरते काही लहान कोड लिहिले होते. ८ जून १९९५ रोजी ते त्यांनी सगळ्यांना देऊन टाकले. त्यातूनच पीएचपी ही भाषा वाढली. आज जगातल्या असंख्य पानांची स्वयंपाकघरं याच भाषेवर चालतात. आमच्या गटाचंही चालतं. त्याच वर्षी पर्ल या दुसऱ्या भाषेच्या तुकड्यांचं मोठं भांडार सुरू झालं.

आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात मॅट राइट नावाच्या शाळकरी मुलाने आपण लिहिलेले सर्व्हरवरचे छोटे कोड मोफत वाटायला सुरुवात केली. किती जण येऊन गेले ते मोजणारा कोड, पाहुण्यांना अभिप्राय लिहिता येईल असा कोड, आणि फॉर्ममेल. फॉर्ममेल म्हणजे पानावर फॉर्म भरला की त्यातली माहिती ईमेलने पोहोचवणारा कोड. आमच्या ऑर्डरीच्या फॉर्मचा हा पूर्वजच म्हणा ना!

फॉर्ममेल घराघरांत पोहोचला. ज्यांना कोडचं अक्षर येत नव्हतं, त्यांनीही तो लावून दुकानं, शाळा, मंडळं यांची पानं चालवली. पण त्यात एक उणीव होती. पत्र कुणाला पाठवायचं, तो पत्ता ओसरीवरच्या फॉर्ममध्ये लिहिलेला असायचा आणि आतलं स्वयंपाकघर त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचं. समजा, आपण एक पोरगा ठेवला, ओसरीवर जे पाकीट दिसेल ते पत्त्यावर पोहोचवायला. तो एवढा आज्ञाधारक की कुणीही येऊन पाकिटावर कुठलाही पत्ता लिहिला तरी नेऊन देतो. मग एक दिवस गावातले लबाड लोक आपल्याच ओसरीवरून हजारो लोकांना फसवी पत्रं धाडायला लागतात आणि बोलणी बसतात ती आपल्याला. तसंच झालं. भुरट्या जाहिरातवाल्यांनी दुसऱ्यांच्या सर्व्हरवरून कचरा पत्रांचा पाऊस पाडला.

यात दोष कुणाचा? त्या मुलाने शाळकरी वयात, चांगल्या मनाने, फुकट दिलं होतं. लावणाऱ्यांनी आत काय आहे ते वाचलं नव्हतं. आणि एकदा लावल्यावर त्याची सुधारलेली आवृत्ती आली तरी जुनाच चालू ठेवला होता. पुढे लंडनमधल्या पर्लच्या जाणकारांनी तेच कोड पुन्हा नीट, सुरक्षित लिहून काढले आणि तेही मोफत दिले. आम्हाला सगळ्यांत भावली ती यानंतरची गोष्ट. मॅट राइट यांनी स्वतःच लोकांना सांगितलं की माझ्यापेक्षा यांचे कोड घ्या. आपल्या हातच्या पदार्थापेक्षा शेजारणीचा चांगला झाला, हे चारचौघांत सांगायला मोठं मन लागतं.

अकरा ओळी

एक शेवटची गोष्ट अलीकडची, २०१६ ची. आपल्या पावतीपुस्तकात क्रमांक कसे असतात? ००१, ००२, ००७. नुसता ७ लिहिला तर रांग बिघडते, म्हणून डावीकडे शून्य लावतो. कोडमध्ये हे काम करणारा एक तुकडा होता, नाव लेफ्ट-पॅड. सगळा मिळून ११ ओळींचा. अझर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरने तो लिहून जावास्क्रिप्ट भाषेच्या सामायिक कोठारात ठेवला होता.

या कोठाराच्या चालकांशी त्यांचा दुसऱ्याच एका तुकड्याच्या नावावरून वाद झाला. ते रागावले आणि २२ मार्च २०१६ रोजी त्यांनी आपले अडीचशेहून अधिक तुकडे कोठारातून काढून घेतले. त्यात लेफ्ट-पॅडही गेला. आणि काही मिनिटांत जगभर हजारो ठिकाणी कामं अडली, मोठमोठ्या कंपन्यांचीसुद्धा. कारण या तुकड्यावर दुसरा उभा होता, दुसऱ्यावर तिसरा, आणि तळाशी या अकरा ओळी आहेत हे वरच्यांना माहीतच नव्हतं. दोनेक तासांत तो तुकडा परत आणला गेला आणि नंतर कोठाराचे नियमही बदलले. एकदा दिलेलं आणि लोकांनी वापरलेलं असं मनात आलं म्हणून काढून घेता येणार नाही, असं ठरलं.

बी-बियाणं दरवर्षी एकाच दुकानातून आणणारी बाई आणि घरच्या मडक्यात थोडं राखून ठेवणारी बाई, यांतला फरक आपल्याला कळतो. कोडचंही तसंच आहे. जे दुसऱ्याचं घेतलं त्याची एक प्रत आपल्या घरी असावी आणि आपण कुणाच्या आधारावर उभ्या आहोत ते माहीत असावं.

मग आमच्या बैठकीत काय ठरलं?

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं. मुलगीही होती. "कॉपीच केली की" म्हणणाऱ्या आक्का आधी गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझी निम्मी रांगोळी दुसऱ्यांच्या वहीतली आहे. पण मी ठिपके मोजून बघते."

"देणाऱ्याची चूक" म्हणणाऱ्या ताईंना मुलीने तो घेतलेला तुकडा दाखवला. त्याला एमआयटी परवाना होता. हा परवाना फार वापरात आहे. त्याचा अर्थ असा, की हा कोड वापरा, बदला, विकासुद्धा, फक्त लिहिणाऱ्याचं नाव आणि हा परवान्याचा मजकूर काढू नका. त्यातच पुढे लिहिलेलं असतं की हा जसा आहे तसा दिला आहे, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर देणारा जबाबदार नाही. म्हणजे फुकट घेताना तपासायची जबाबदारी घेणाऱ्याची. देणाऱ्याने तर पत्त्याच्या ओळीवर लिहूनही ठेवलं होतं की इथे तुमचा पत्ता घाला. वाचलं नाही ते आम्ही.

"आम्ही" हा शब्द मुद्दाम वापरतो आहोत. मुलीने पत्ता बदलला नाही हे खरं. पण पान तयार झाल्यावर आम्ही पंधराजणींनी फोटो पाहिले, नाव पाहिलं, कौतुक केलं. एकीनेही स्वतः ऑर्डर टाकून पाहिली नाही. दहा रुपयांचा मसाला मागवून पाहिला असता तरी पहिल्याच दिवशी चूक सापडली असती. भाजणी विकायच्या आधी आपण एक थालीपीठ लावून बघतोच ना? मग नुकसान एकट्या लेकीकडून का भरून घ्यायचं? ते गटाने सोसलं. ज्या सात घरांचे फोन आले त्यांची माफी मागितली आणि त्यांच्या मालाबरोबर अर्धा पाव मसाला वरून दिला.

पान आम्ही बंद केलं नाही. मुलीच्या हातून कामही काढून घेतलं नाही. तिला एक वही आणून दिली, साधी, शंभर पानी. तिला सांगितलं, जो तुकडा घेशील त्याची इथे नोंद कर. कुणाकडून घेतला, त्याची अट काय, तो काय काम करतो, आपण त्यात काय बदललं, आणि तपासून कुणी पाहिला. शेवटच्या रकान्यात गटातल्या एकीची सही हवी. कोड आम्हाला वाचता येत नाही, पण ऑर्डर टाकून ती पोहोचली की नाही, पैसे बरोबर दाखवले की नाही, चुकीचा फोन नंबर टाकला तर काय होतं, हे आम्हाला तपासता येतं. ग्राहकांची नावं, पत्ते, फोन नंबर आत कोण पाहू शकतं, हेही आम्हाला विचारता येतं. विचारायला लाजायचं कारण नाही.

त्या वहीत आज नऊ नोंदी आहेत. दहावी नोंद थोडी वेगळी आहे. मराठीत आकडे लिहिले, म्हणजे १२३ असे, तर फॉर्म ते घेत नव्हता. आमच्या वयाच्या गिऱ्हाइकांची पंचाईत व्हायची. मुलीने त्यासाठी सात ओळींचा तुकडा स्वतः लिहिला. चालला. मग तिने तो नीट माहिती लिहून, आपलं नाव घालून, मोफत वापरायची परवानगी देऊन सगळ्यांसाठी खुला केला. आम्ही विचारलं, "फुकट का गं?"

ती म्हणाली, "काकू, वाटी रिकामी कशी परत पाठवू?"

मैत्रिणींनो, तुमच्या गटाचंही पान असेल, किंवा कुणी करून देणार असेल, तर आज घरी गेल्यावर एक करा. आपल्याच पानावर आपल्याच नावाने एक ऑर्डर टाका आणि ती पोहोचते का पाहा. करून देणाऱ्याला किंवा करून देणारीला वहीबद्दल विचारा. वही नसेल तर आणून द्या.